मिठाचा हिशेब मेंदू पाण्याने ठेवतो

घरातल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाचं बोलणं एकाएकी असंबद्ध होतं. सकाळ आहे की संध्याकाळ ते उमगत नाही, चालताना तोल जातो, एखाद्याला फिटही येते. दवाखान्यात रक्त तपासतात आणि डॉक्टर सांगतात, "सोडियम कमी झालंय." महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना हे वाक्य आता ओळखीचं झालं आहे. त्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: बीपीसाठी मीठ कमी केलं होतं, त्यानेच झालं का? आता जेवणात मीठ वाढवायचं का?

प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर 'नाही' असं असतं. ते का, हे कळायला शरीरातल्या मिठाचा कारभार कसा चालतो ते पाहावं लागतं. या कारभाराची मुख्य कचेरी मेंदूत आहे, आणि तिथे मीठ मोजण्याची पद्धत आपल्याला वाटते त्यापेक्षा अगदी वेगळी आहे.

रिपोर्टमधला सोडियमचा आकडा म्हणजे शरीरातलं एकूण मीठ नव्हे. रक्तातल्या पाण्याच्या मानाने सोडियम किती आहे, एवढंच तो सांगतो. निरोगी माणसात हा आकडा लीटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतो. कुणी दिवसाला ४ ग्रॅम मीठ खावो की १२ ग्रॅम, आकडा जवळजवळ हलत नाही. आमटी खारट झाली की आपण तिच्यातलं मीठ काढायला जात नाही, पाणी वाढवतो. मेंदूही तेच करतो. रक्त खारट होऊ लागलं की तो पाणी प्यायला लावतो आणि लघवीवाटे जाणारं पाणी अडवतो. रक्त पातळ होऊ लागलं की जादा पाणी लघवीतून सोडून देतो. म्हणून सोडियम कमी दिसलं की मीठ कुठे गेलं हे शोधण्याआधी पाणी जास्त का साचलं, हे विचारावं लागतं.

या आकड्याची एवढी काळजी घ्यावी लागते ती पेशींसाठी. पेशीच्या आवरणातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ तितकं सहज जात नाही. बाहेरचं पाणी पातळ झालं की ते पेशीत शिरतं आणि पेशी फुगते; बाहेर खारटपणा वाढला की पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसते. हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तरी त्यांना पसरायला जागा असते. मेंदू मात्र कवटीत बंद असतो. तो सुजला तर दाब वाढतो. सोडियम घसरल्यावर आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग गोंधळलेपण, मग फिट, असा जो क्रम दिसतो तो याच सुजेचा आहे. मिठाचा कारभार बिघडला की पहिला मार मेंदूलाच बसतो, म्हणून तो मेंदूने स्वतःच्या हाती ठेवला असावा असं मला वाटतं.

रक्त खारट झालंय हे मेंदूला कळतं कसं? या प्रश्नाचा पहिला पक्का धागा केंब्रिजमधले अर्नेस्ट बेसिल व्हर्नी यांच्या हाती लागला. त्यांनी कुत्र्यांना भरपूर पाणी पाजलं. अर्थातच त्यांना खूप लघवी होऊ लागली. मग मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रोहिणीत त्यांनी मिठाचं तीव्र द्रावण अगदी थोडं टोचलं, आणि काही मिनिटांत लघवीचा ओघ मंदावला. युरियाचं द्रावण टोचलं तेव्हा तसा परिणाम झाला नाही. युरिया पेशीत सहज शिरतो, त्यामुळे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. याचा अर्थ मेंदूतल्या कुठल्यातरी पेशी स्वतःच्या आक्रसण्यावरून बाहेरचा खारटपणा ओळखत होत्या. १९४७ साली व्हर्नींनी हे काम सविस्तर मांडलं आणि त्या अज्ञात संवेदकांना 'ऑस्मोरिसेप्टर' असं नाव दिलं. पुढच्या काही वर्षांत स्वीडनच्या बेंग्ट आंदेर्सन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागात, मिठाच्या तीव्र द्रावणाचे थेंब सोडून पाहिले. शेळ्या लगेच पाणी पिऊ लागल्या, आणि पोट भरेल त्याहून कितीतरी जास्त प्यायल्या.

त्या पेशी कुठे असतात हे आता माहीत आहे. मेंदूच्या मधोमध द्रवाने भरलेली एक चिंचोळी पोकळी असते. तिच्या पुढच्या भिंतीत काही ठिकाणं अशी आहेत, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला एरवीचा कडक पडदा विरळ असतो. इतर भागांत रक्तातल्या बहुतेक गोष्टींना मज्जाव असतो. इथल्या पेशींना मात्र रक्ताची चव थेट घेता येते. रक्ताचा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी त्या आक्रसतात, त्यांच्या आवरणातल्या ताण ओळखणाऱ्या वाहिन्यांतून विद्युत संदेश सुटतात, आणि ते हायपोथॅलॅमसमधल्या दोन छोट्या केंद्रांपर्यंत पोचतात.

इथे आपल्या गोष्टीतलं मुख्य हार्मोन येतं: व्हॅसोप्रेसिन. त्याला अँटिडाययुरेटिक हार्मोन किंवा थोडक्यात एडीएच असंही म्हणतात. फक्त नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी हायपोथॅलॅमसच्या त्या दोन केंद्रांतल्या चेतापेशी तयार करतात. चेतापेशीच्या लांब तंतूंतून ती खाली पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात पोचते, तिथे साठते आणि संदेश आला की थेट रक्तात सुटते. पिट्युटरीचा हा मागचा भाग स्वतः काहीच बनवत नाही. तो खरं तर मेंदूचाच खाली उतरलेला भाग आहे. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५० च्या दशकात व्हॅसोप्रेसिनची आणि त्याच्या जुळ्या भावंडाची, म्हणजे ऑक्सिटोसिनची, रचना उलगडली. ऑक्सिटोसिन तर त्यांनी प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. या कामासाठी त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

व्हॅसोप्रेसिनचं काम चालतं मूत्रपिंडात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव रक्तातून गाळतात. यातला बहुतेक सगळा द्रव वाटेतच परत शोषला जातो, आणि त्याला व्हॅसोप्रेसिनची परवानगी लागत नाही. त्याची सत्ता चालते ती अगदी शेवटच्या टप्प्यावर, लघवी गोळा करणाऱ्या नलिकांवर. या नलिकांच्या पेशी एरवी पाण्याला वाट देत नाहीत. व्हॅसोप्रेसिन त्यांना चिकटलं की पेशीच्या पोटात साठवलेल्या ॲक्वापोरिन नावाच्या सूक्ष्म वाहिन्या वर येऊन आवरणात बसतात आणि त्यांतून पाणी रक्तात परत ओढलं जातं. (ॲक्वापोरिन शोधून काढणाऱ्या पीटर ॲग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं.) व्हॅसोप्रेसिन ओसरलं की वाहिन्या पुन्हा आत जातात. रक्तातलं व्हॅसोप्रेसिन काही मिनिटांतच नष्ट होत असतं, म्हणून मेंदूला आपला निर्णय भराभर बदलता येतो. दोन तांबे पाणी प्यायल्यावर तासाभरात लघवीला जावं लागतं ते यामुळे. सकाळची पहिली लघवी गडद पिवळी असते तीही यामुळेच: रात्रभर पोटात पाणी जात नाही आणि व्हॅसोप्रेसिन चढं असतं.

या एका हार्मोनची पोच केवढी आहे पाहा. ते भरपूर असलं तर दिवसभराची सगळी घाण जेमतेम अर्धा लीटर लघवीतून बाहेर टाकता येते. अजिबात नसलं तर लघवी दिवसाला पंधरा-वीस लीटरपर्यंत जाऊ शकते. असा आजार खरोखर आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, डोक्याला मोठा मार लागल्यावर किंवा हायपोथॅलॅमसजवळच्या गाठीमुळे व्हॅसोप्रेसिन बनेनासं होतं. रुग्ण बादलीभर पाणी पितो आणि बादलीभर लघवी करतो. या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या डायबेटिसशी त्याचा काही संबंध नाही, पण नावामुळे दवाखान्यांतही घोटाळे होत आणि रुग्णांना नको ते उपचार मिळत. म्हणून २०२२ साली तज्ज्ञांनी नाव बदलून 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' असं सरळ नाव सुचवलं. अशा रुग्णाला पाणी मिळत राहिलं तर सोडियम जवळपास ठीक राहतं. पाणी हाताशी नसलं, किंवा तो बेशुद्ध असला, तर सोडियम झपाट्याने चढतं.

तहान ही याच यंत्रणेची दुसरी बाजू. ती व्हॅसोप्रेसिननंतर जागी होते: आधी मूत्रपिंड पाणी वाचवतं, तेवढ्याने भागलं नाही की मग तहान लागते. ती भागते कशी हे फार विलक्षण आहे. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात पुरेसं मिसळायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, पण तहान चार घोटांतच शमायला लागते. तोंड आणि घसा यांच्याकडून वर्दी येताच मेंदूतल्या तहानेच्या पेशी शांत होतात, हे उंदरांच्या मेंदूत थेट पाहिलं गेलं आहे. रक्तात बदल व्हायच्या आधीच मेंदू किती पाणी येणार याचा अंदाज बांधतो. तसं नसतं तर दर वेळी आपण गरजेच्या दुप्पट पाणी प्यायलो असतो.

वय वाढलं की ही तहान बोथट होते. विदर्भातल्या मे महिन्यात म्हातारी माणसं कोरडी पडतात आणि तरीही "तहानच नाही" म्हणतात, ते हट्टाने नव्हे. त्यांचा मेंदू खरोखरच उशिरा ओरडतो. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, त्यामुळे घाम जात राहिला की रक्तात मागे राहणारं मीठ दाट होत जातं. अशांना तहान लागायची वाट न पाहता पाणी विचारत राहायला हवं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. इतकी नेमकी यंत्रणा असताना सोडियम घसरतंच कसं?

कारण व्हॅसोप्रेसिनला खारटपणाखेरीज आणखीही मालक आहेत. रक्तस्राव, जुलाब किंवा उलट्या यांमुळे अंगातलं रक्ताचं आकारमानच घटलं की हृदय आणि मोठ्या रोहिण्यांतले संवेदक मेंदूला कळवतात. अशा वेळी मेंदू खारटपणाची पर्वा न करता व्हॅसोप्रेसिन सोडतो. जीव वाचवायला रक्तदाब टिकवणं आधी, सोडियमचा आकडा नंतर, हा त्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बरोबरही आहे. पण म्हणूनच जुलाब लागलेला माणूस नुसतं साधं पाणी पीत राहिला तर ते पाणी अडवलं जातं आणि सोडियम उतरतं. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज दोन्ही ठरावीक प्रमाणात का असतात, याचं एक कारण हे. ग्लुकोज असलं की आतडं त्याच्यासोबत सोडियम ओढून घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी येतं.

याशिवाय वेदना, शस्त्रक्रियेचा ताण, न्यूमोनिया, मेंदूतला रक्तस्राव, फुफ्फुसाचे काही कर्करोग आणि नैराश्यावरच्या किंवा फिटवरच्या काही गोळ्या यांमुळेही व्हॅसोप्रेसिन नको तेव्हा सुटत राहतं. मळमळ तर त्याला अनेक पटींनी वाढवते. रक्त आधीच पातळ झालेलं असतं, व्हॅसोप्रेसिन थांबायला हवं असतं, पण ते थांबत नाही. १९५७ साली श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांत हे पहिल्यांदा नीट ओळखलं. आज डॉक्टर याला एसआयएडीएच म्हणतात.

या अवस्थेत मीठ देण्याचा साधा उपाय कसा उलटतो ते समजून घेण्यासारखं आहे. समजा अशा रुग्णाला एक लीटर नॉर्मल सलाईन लावलं. त्यात ९ ग्रॅम मीठ असतं. रुग्णाचं मूत्रपिंड मीठ बाहेर टाकायला तयार असतं, कारण त्याच्या अंगात मिठाची तूट नसतेच. पण व्हॅसोप्रेसिनच्या हुकमामुळे लघवी अतिशय दाट होत असते. सलाईनपेक्षा दुप्पट दाट लघवी होत असेल, तर ते सगळं मीठ अर्ध्या लीटर लघवीतूनच निघून जातं. उरलेलं अर्धा लीटर नुसतं पाणी अंगात राहतं. मीठ दिलं आणि सोडियम आणखी खाली गेलं! अशा रुग्णाला डॉक्टर पाणी कमी प्यायला सांगतात तेव्हा घरच्यांना ते निष्ठुर वाटतं. खरा उपचार बहुधा तोच असतो. उलट जुलाबांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी खरंच मीठ गेलेलं असेल, तर तेच सलाईन योग्य ठरतं. आकडा दोघांचाही १२२ असू शकतो. म्हणून डॉक्टर लघवीतलं सोडियम आणि लघवीची दाटी तपासतात, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते खोदून विचारतात. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या थायाझाइड गटातल्या गोळ्या म्हाताऱ्या, किरकोळ बांध्याच्या बायकांमध्ये सोडियम उतरवतात, हे वरचेवर दिसतं. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नये.

आणखी एक कारण आपल्या घरांत हमखास सापडतं आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दात गेलेत, भूक नाही, म्हणून आजी दिवसभर चहा-बिस्किट आणि भाताची पेज यांवर राहते. मूत्रपिंड निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्यासोबत थोडे तरी क्षार आणि प्रथिनांपासून बनलेला युरिया जावा लागतो. आहारात तेच नसलं की पाणी बाहेर काढायला साधनच उरत नाही. इथे डाळ, दूध, अंडं यांनी सोडियम सुधारायला मदत होते.

धडधाकट माणसंही यातून सुटत नाहीत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघालं. त्यांच्यातले बरेच जण शर्यतीत इतकं पाणी प्यायले होते की त्यांचं वजन उलट वाढलं होतं. धावण्याच्या ताणाने व्हॅसोप्रेसिन सुटत होतं, आणि तहान नसताना पोटात पाणी जात होतं.

घसरलेलं सोडियम वर आणायची घाई मात्र करायची नसते. सोडियम हळूहळू उतरलं असेल तर मेंदूच्या पेशी एक-दोन दिवसांत आपल्या आतले क्षार बाहेर टाकून सूज कमी करून घेतात. मग बाहेरचं सोडियम एकदम चढवलं, तर त्याच पेशींतून पाणी झपाट्याने ओढलं जातं आणि मेंदूच्या बुडख्यातल्या चेतातंतूंची आवरणं कायमची खराब होऊ शकतात. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत. रुग्ण चार दिवस आयसीयूत का ठेवला, दर काही तासांनी रक्त का काढतात, याचा खुलासा इथे आहे.

आतापर्यंत सगळं पाण्याबद्दल झालं. मग एकूण मीठ किती ठेवायचं ते कोण ठरवतं? तो अधिकार मुख्यतः मेंदूबाहेर आहे: मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचं अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन मीठ राखून ठेवतं, आणि हृदयातून सुटणारं दुसरं एक हार्मोन मीठ बाहेर टाकायला लावतं. जादा मीठ अंगात राहिलं की मेंदू आकडा जपण्यासाठी त्याच्या जोडीला पाणी राखतो, साधारण ९ ग्रॅम मिठाला एक लीटर. सोडियम नॉर्मल दिसतं, पण पाय सुजतात आणि बीपी वाढतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून लोणचं-पापडाला मोकळीक मिळत नाही ती यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे.

मिठाची भूक मात्र मेंदूचीच. उंदरांच्या मेंदूच्या बुडख्यात अल्डोस्टेरॉनला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका सापडला आहे. त्या जाग्या झाल्या की उंदीर खारट पाणी शोधतो. माणसात ही भूक किती प्रखर होऊ शकते याची एक नोंद १९४० मध्ये विल्किन्स आणि रिक्टर यांनी प्रसिद्ध केली. साडेतीन वर्षांचा एक अमेरिकन मुलगा मीठ मुठीने खायचा, बिस्किटांवरचं मीठ चाटून बिस्किट टाकून द्यायचा. त्याच्या पहिल्या काही शब्दांत 'मीठ' हा शब्द होता. त्याला इस्पितळात ठेवून सर्वांसारखा आहार सुरू केला आणि काही दिवसांतच तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या निघाल्या. त्याचं अंग मीठ धरू शकत नव्हतं, आणि त्याचा मेंदू त्याला इतके दिवस जगवत होता. ही नोंद मला दर वेळी अस्वस्थ करते. एखादं मूल विचित्र हट्ट करतंय असं वाटतं, तेव्हा त्याच्या हट्टामागे शरीराचं काही म्हणणं आहे का, एवढं तरी विचारायला हवं.

ऑक्सिटोसिनचा उल्लेख वर आला. कळा आणि पान्हा यांसाठी ते प्रसिद्ध आहे, पण व्हॅसोप्रेसिनहून त्याची दोनच अमिनो आम्लं वेगळी आहेत, त्यामुळे जास्त मात्रेत तेही मूत्रपिंडात पाणी अडवू लागतं. कळा वाढवायला ते साध्या ग्लुकोजच्या सलाईनमधून बराच वेळ, मोठ्या मात्रेत दिलं, तर बाळंतिणीचं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं. म्हणून प्रसूतिकक्षात ते कशात आणि किती मिसळायचं याला महत्त्व आहे.

पिट्युटरीचा पुढचा भागही या कारभारात आहे, पण आडवाटेने. तिथलं एसीटीएच हे हार्मोन अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवायला लावतं, आणि कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमसमधल्या व्हॅसोप्रेसिनला आवर घालतं. कॉर्टिसॉल आटलं की तो आवर सुटतो, पाणी साचतं, सोडियम उतरतं. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या काही बायकांची पिट्युटरी रक्ताअभावी निकामी होते; दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, सततचा थकवा राहतो, आणि सगळं अशक्तपणाच्या नावावर खपून जातं. घोणस चावून वाचलेल्या काही रुग्णांतही पिट्युटरीला अशीच इजा झाल्याचं भारतात आणि म्यानमारमध्ये आढळलं आहे. मग अनेक वर्षांनी एखाद्या साध्या तापात असा एखादा रुग्ण गोंधळलेल्या अवस्थेत दवाखान्यात येतो, सोडियम ११५ निघतं. सलाईनने म्हणावा तसा फरक पडत नाही. जुन्या बाळंतपणाबद्दल किंवा सर्पदंशाबद्दल कुणी विचारलं, कॉर्टिसॉल तपासलं आणि त्याची जागा भरून काढणारं हायड्रोकॉर्टिसोन हे औषध सुरू केलं, की साचलेलं पाणी लघवीवाटे इतक्या वेगाने निघू लागतं की सोडियम फार भराभर चढू नये म्हणून डॉक्टरांना उलट लक्ष ठेवावं लागतं.